कांद्याच्या गोंड्यात बी का भरत नाही? परागीभवन करणारे कीटक आणि आजची शेती

कांद्याचे बी तयार करणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षाचे गणित जानेवारी-फेब्रुवारीतल्या तीन-चार आठवड्यांवर ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या निवडक कांद्यांना दांडे फुटतात, दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे धरतात आणि एकेका गोंड्यात दोनशे ते सहाशे, कधी त्याहूनही जास्त बारीक फुले टप्प्याटप्प्याने उमलतात. प्रत्येक फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. अडचण अशी, की फुलातले पुंकेसर आधी पिकतात आणि पराग सांडून मोकळे होतात. त्याच फुलातली कुक्षी पराग घेण्याजोगी होते ती त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग त्याच्या उपयोगाचे राहत नाहीत आणि मागाहून उमललेल्या दुसऱ्या फुलातले पराग कोणीतरी आणून द्यावे लागतात. कांद्याचे पराग चिकट असल्याने वाऱ्यावर फारसे जात नाहीत, म्हणून हे काम जवळजवळ पूर्णपणे कीटकांकडे, त्यातही माश्यांकडे येते. त्या आल्या नाहीत, तरी गोंडा दिसायला भरगच्चच दिसतो. तो वाळल्यावर तळहातावर चोळून फुंकर मारली, की फोलपटे उडून जातात आणि मागे मोजकेच काळे दाणे उरतात.

नेमक्या याच आठवड्यांत फुलकिड्यांचा जोर वाढतो आणि शेतकरी पंप पाठीवर घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण फुलकिडे आवरले नाहीत तर दांडेच सुकतात, हेही तितकेच खरे आहे. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि मधमाश्यांना ते फारसे रुचत नाही. जवळपास मोहरी किंवा दुसरे चांगले फूल असेल, तर त्या तिकडे वळतात. मुळात थोड्या येणाऱ्या माश्या, त्यात फवारणी, आणि आजूबाजूला वर्षभर त्यांना जगवणारे काही नाही, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की बी भरत नाही. परागीभवन करणाऱ्या कीटकांच्या घटीचा जो प्रश्न जगभर चर्चिला जातो, तो या एका वाफ्यात जवळजवळ पूर्ण पाहायला मिळतो.

सगळेच पीक माश्यांवर अवलंबून नाही

मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असे एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरत असते. आइन्स्टाइनने ते म्हटल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चार दशकांनी, १९९४ साली ब्रुसेल्समध्ये मधपाळांच्या आंदोलनातील पत्रकात ते ठळकपणे पुढे आले. मजकूर म्हणूनही ते चुकीचे आहे. ज्वारी, बाजरी, गहू, भात, मका ही धान्ये वाऱ्याने किंवा स्वतःच्याच परागांनी फळतात. माश्या उद्या नाहीशा झाल्या, तरी भाकरी मिळत राहील.

भाकरीसोबतचे ताट मात्र रिकामे होत जाईल. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठाने, आयपीबीईएसने, २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके कमीअधिक प्रमाणात प्राणी-कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. मात्र जगातल्या एकूण पीक-उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पोट भरणारे पदार्थ मुख्यतः कीटकांवर अवलंबून नसलेल्या बाजूला आहेत. जीवनसत्त्वे, तेल, फळे, भाज्या, मसाले आणि पुढच्या हंगामाचे बी हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या बाजूला आहे. म्हणून या घटीमुळे उद्या दुष्काळ पडेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते, आणि तिचा आपल्या जेवणाशी संबंध नाही असे म्हणणे अज्ञानाचे.

पिकापिकांतही फरक आहे. कारले, दोडका, भोपळा, कलिंगड यांच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, त्यामुळे कीटक आला नाही तर फळच धरत नाही. कमी वेळा आला तर काकडी एका बाजूला फुगते आणि दुसऱ्या बाजूला आक्रसते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्यातला प्रत्येक ठिपका हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक स्वतंत्र फळ असते. ज्या भागातल्या ठिपक्यांना पराग मिळाले नाहीत, तिथला गर फुगत नाही आणि फळ वाकडे होऊन दुसऱ्या प्रतीत जाते. सूर्यफुलाचे एक फूल म्हणजे हजार-दोन हजार बारीक फुलांची तबकडी असते, जी कडेकडून मध्याकडे उमलत जाते, आणि माश्या कमी असतील तर तिच्यात पोचट दाणे वाढतात. म्हणूनच आपल्याकडे सूर्यफूल फुलोऱ्यात असताना सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मलमलचे कापड हाताला गुंडाळून प्रत्येक तबकडीवरून हळुवार फिरवावे, अशी शिफारस कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत बऱ्याच काळापासून छापली जाते. माशी जे काम फुकट करते त्यासाठी मजूर लावावा लागतो, हे त्या शिफारशीत मान्य केलेले आहे. फक्त माशी का येत नाही, हा प्रश्न तिथे विचारलेला नसतो.

हे काम करतात कोण?

परागीभवन म्हटले की पेटीतली मधमाशी डोळ्यांपुढे येते, आणि इथेच बरीच चर्चा भरकटते. जगात माश्यांच्या, म्हणजे मकरंद आणि परागांवर जगणाऱ्या मधमाशी-कुळातल्या कीटकांच्या, वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मध साठवतही नाहीत, पोळेही बांधत नाहीत. महाराष्ट्रात उंच झाडांवर आणि कड्यांवर एकच प्रचंड पोळे टांगणारी आग्या माशी, झाडांच्या ढोलीत राहणारी आणि पेटीत रमणारी सातेरी, झुडपाच्या फांदीला हाताएवढे पोळे लावणारी फुलोरी आणि भिंतीच्या फटीत राहणारी, डंख न मारणारी इवलीशी पोया या चार देशी मध साठवणाऱ्या माश्या बहुतेकांना ठाऊक असतात. पेट्यांतून भाड्याने येणारी मेलिफेरा ही युरोपीय माशी. ती भारतात १९६२ साली हिमाचलमधल्या नगरोटा इथे यशस्वीपणे रुजवण्यात आली.

यांच्याखेरीज एकट्या राहणाऱ्या माश्यांचा मोठा समुदाय आहे. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या पुंकेसरांत बंद असतात आणि टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतात. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा काळा भुंगा फुलाला पकडून लटकतो आणि छातीचे स्नायू इतक्या वेगाने थरथरवतो की पराग भसकन त्याच्या अंगावर सांडतात. शेतात उभे राहिले तर त्या क्षणी गुणगुण एकदम बारीक आणि तीव्र झालेली कानाला कळते. मधमाशीला हे जमत नाही. त्यामुळे टोमॅटोच्या प्लॉटशेजारी मधमाश्यांच्या कितीही पेट्या ठेवल्या, तरी हे काम त्या करू शकत नाहीत. तुरीच्या फुलांवर पाने कुरतडून घरटे करणाऱ्या माश्या आणि भुंगे काम करतात. कोकणात आंब्याच्या मोहोरावर तर घरमाशीच्या जातकुळीतल्या साध्या माश्यांचाच वावर मोठा असतो, ज्यांना कोणी उपकारकर्ते मानत नाही.

या सगळ्यांची धाव सारखी नसते. मेलिफेरा तीन किलोमीटर आणि गरज पडली तर त्याहूनही लांब जाऊन अन्न आणते. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत वावरते. जमिनीत किंवा पोकळ काडीत घरटे करणाऱ्या लहान माश्यांचे सगळे आयुष्य काहीशे मीटरांत जाते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

घट खरी आहे का?

या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कीटकाबद्दल विचारता यावर अवलंबून आहे. पाळीव मधमाश्यांच्या वसाहती जगाच्या एकूण हिशेबात १९६१ पासून कमी न होता वाढल्या आहेत. अमेरिकेत २००६-०७ च्या हिवाळ्यात पेट्यांतल्या कामकरी माश्या राणीला आणि पिल्लांना मागे ठेवून नाहीशा होऊ लागल्या तेव्हा जगभर बातम्या झाल्या, पण तिथले मधपाळ वसाहती विभागून संख्या पुन्हा उभी करतात. खर्च वाढतो, संख्या टिकते. मात्र त्याच काळात परागीभवनावर अवलंबून असलेल्या पिकांचे उत्पादन पेट्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढले, म्हणजे पुरवठा वाढूनही मागणीच्या मानाने तुटवडाच आहे.

रानटी कीटकांचे चित्र काळजीचे आहे. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांच्या मंडळाने १९८९ पासून ६३ संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे तंबूसारखे सापळे लावून त्यात सापडणाऱ्या उडत्या कीटकांचे वजन केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार २७ वर्षांत हे वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले होते, आणि ही ठिकाणे राखीव क्षेत्रातली होती. त्यांच्या भोवताली बहुतांश शेती होती. भारतात देशी माश्यांची अशी सलग, दीर्घकाळची मोजणी जवळजवळ झालेलीच नाही. आपल्याकडे पुरावा येतो तो भाड्याच्या पेट्यांच्या वाढत्या मागणीतून, न भरलेल्या गोंड्यांतून आणि गावातल्या जाणत्या माणसांच्या आठवणीतून. आठवण हा कच्चा पुरावा असतो, हे मान्य करूनही तो टाकून देण्याजोगा नाही.

भूक: फुलांचे बिघडलेले वेळापत्रक

कीटकनाशकांवर सगळ्यांचे बोट जाते, पण माझ्या मते आपल्याकडच्या घटीचे अधिक खोल कारण उपासमार हे आहे. सातेरीच्या वसाहतीला वर्षाचे बाराही महिने काही ना काही फुललेले लागते. जुन्या कोरडवाहू शेतीत ते आपोआप घडत असे. खरिपात बाजरी-मुगात तीळ, कारळे, अंबाडी यांचे तास असत. रब्बीत ज्वारीच्या शेताला करडईचे काटेरी कुंपण असे, कुठे जवस, कुठे हरभऱ्यात मोहरी. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर शेवगा, करंज, जांभूळ, पावसाळ्यात निर्गुडी, पाऊस सरता सरता बांधावरची बोर. शेतकऱ्याने हे माश्यांसाठी केले नव्हते. तेल, चारा, कुंपण, सरपण आणि एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे ही त्यामागची व्यवहारी कारणे होती, आणि माश्यांचा संसार त्याच्या आडोशाने चालत होता.

आज महाराष्ट्रात एकट्या सोयाबीनखाली आणि एकट्या कापसाखाली प्रत्येकी चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्षेत्र असते. सोयाबीन बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळते आणि तिचा फुलोरा काही आठवड्यांत आटोपतो. ऊस फुलण्याआधी तोडायचा असतो, आणि तुरा आला तरी तो वाऱ्याचा. करडई, तीळ, कारळे, जवस यांचा पेरा आक्रसत गेला, कारण काढणीला माणसे मिळेनात, करडईचे काटे कोणाला नकोसे झाले आणि बाजारात आयात तेलापुढे भाव टिकेना. म्हणजे मैलोन् मैल हिरवेगार शिवार असूनही माशीच्या दृष्टीने त्यात काही आठवड्यांची मेजवानी आणि पुढे कित्येक महिन्यांचा दुष्काळ असतो. हिरवेपणा आणि फुले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसत नाही.

त्यात तणनाशक आले. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, तेव्हा तणनाशकाचा पंप हा स्वस्त आणि हमखास उपाय ठरतो. तो वापरणाऱ्याला नावे ठेवण्याआधी निंदणीचा हिशेब मांडून पाहावा. पण पिकातले तण मारून झाल्यावर उरलेले औषध बांधावर मारायची सवय लागली, ती मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. टाकळा, तरवड, कुर्डू, रानतुळस हे पिकाला न भिडणारे बांधावरचे फुलोरे त्यात गेले. बांधही पूर्वीचे राहिले नाहीत. वाटण्या होत गेल्या, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी झाली, शेजाऱ्याशी हद्दीची कुरबूर नको म्हणून दरवर्षी एकेक तास आत नांगरला गेला, आणि पाच-सहा फुटांचा बांध वीतभर उरला.

बांधाचा दुसरा उपयोग निवाऱ्याचा होता. एकट्या राहणाऱ्या बहुसंख्य माश्या न नांगरलेल्या, उघड्या, घट्ट जमिनीत पेन्सिलच्या जाडीचे बीळ करून त्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवून अंडे घालतात. पिल्लू महिनोन् महिने जमिनीखालीच असते. रोटाव्हेटर वर्षातून दोनदा फिरला की त्या भागातली पुढची पिढीच नाहीशी होते, आणि त्याची कोणाला जाणीवही होत नाही, कारण तिथे पोळे नव्हते, मध नव्हता, गुणगुणणारी झुंड नव्हती.

विष: पानावरचे आणि रसातले

कीटकनाशकांचे माश्यांच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात आणि त्यांची गल्लत झाल्याने बरेच सल्ले निरुपयोगी ठरतात. पहिला प्रकार स्पर्शाने मारणारा. पायरेथ्रॉइड गटातली औषधे दुपारी फुलांवर मारली, तर त्या वेळी फुलांवर असलेली माशी तिथेच पडते. तीच फवारणी सूर्यास्तानंतर केली आणि रात्रभरात औषध वाळले, तर धोका बराच कमी होतो. ‘संध्याकाळी फवारा’ हा सल्ला या प्रकारासाठी आहे. तोही पूर्ण सुरक्षित नाही, कारण आग्या माशी चांदण्या रात्री फुलांवर जाते, पण तरी तो उत्तम सल्ला आहे.

दुसरा प्रकार आंतरप्रवाही औषधांचा, ज्यात निओनिकोटिनॉइड गटातली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही नावे येतात. इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले. ही औषधे पाण्यात विरघळतात, मुळांतून किंवा पानांतून रसात शिरतात आणि झाडभर पसरतात. मावा-तुडतुडे रस शोषताच मरतात, हाच त्यांचा गुण. पण त्याच रसातून मकरंद आणि पराग तयार होतात. इथे फवारणीची वेळ बदलून फारसे साधत नाही, कारण विष फुलाच्या आत आहे. कापसाच्या बीटी संकरित बियाण्याच्या पाकिटातून हातावर ओतलेली सरकी रंगीत दिसते ती या किंवा अशाच औषधांच्या लेपामुळे. लेपातला लहानसा भाग रोपात जातो. बराचसा मातीत राहतो.

या औषधांचा माशीवर होणारा परिणाम समजून घ्यायला हवा, कारण तो मेलेल्या माश्यांच्या ढिगात दिसत नाही. कीटकांच्या मज्जातंतूंवर संदेश स्वीकारणाऱ्या ज्या जागा असतात, तिथे हे रेणू जाऊन बसतात आणि संदेश थांबत नाही. मात्रा मोठी असेल तर कीटक आचके देत मरतो. मात्रा सूक्ष्म असेल तर माशी जगते, उडते, फुलेही शोधते, पण तिची दिशेची आठवण बिघडते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधमाश्यांच्या पाठीवर रेडिओ-लहरींनी ओळखता येणाऱ्या बारीक चकत्या चिकटवल्या, काहींना मारक नसलेली थायामेथोक्झामची मात्रा पाजली आणि त्यांना पोळ्यापासून दूर सोडले; औषध घेतलेल्यांपैकी परत न येणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पोळ्याच्या दृष्टीने न परतलेली माशी आणि मेलेली माशी यांत फरक नाही. २०१५ साली ‘नेचर’मधल्या दुसऱ्या प्रयोगात माश्यांपुढे साधे साखरपाणी आणि इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मिसळलेले साखरपाणी ठेवले, तेव्हा त्या औषध मिसळलेल्या पाण्याकडेच अधिक वळल्या. वाईट अन्न त्या आपणहून टाळतील, हा आशावादही त्यामुळे टिकत नाही.

मोठ्या मात्रेचे उदाहरण जर्मनीतले आहे. २००८ च्या वसंतात ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरचा क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटलेला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रातून त्याची धूळ बाहेर पडली, शेजारच्या फुललेल्या शेतांवर आणि बागांवर बसली आणि अकरा हजारांहून अधिक वसाहतींना त्याची झळ पोचली. कोणी एक थेंबही फवारला नव्हता. फक्त पेरणी झाली होती. युरोपीय संघाने २०१३ मध्ये वर उल्लेखलेल्या तिन्ही औषधांवर माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांपुरती बंधने घातली आणि २०१८ मध्ये बंदिस्त हरितगृहांबाहेरचा त्यांचा सगळाच वापर थांबवला. भारतात ही औषधे वापरात आहेत.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण पंपात असते. कृषी सेवा केंद्रातून येताना एकाच पिशवीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि चिकटद्रव्य येते आणि मजुरी वाचावी म्हणून ते सारे एकाच टाकीत ओतले जाते. बुरशीनाशक माश्यांना निरुपद्रवी मानले जाते, पण त्यांतली काही, विशेषतः प्रोपिकोनॅझोलसारखी, माशीच्या शरीरातली विष निकामी करण्याची यंत्रणाच मंदावतात, त्यामुळे सोबतचे कीटकनाशक कित्येक पटींनी जास्त लागू पडते. बाटलीवरचा त्रिकोणही इथे मदतीला येत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग प्रयोगशाळेतल्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतात. ते फवारणाऱ्या माणसासाठी आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे लक्षात घेता ते रंग आवश्यकच आहेत. परंतु निळा त्रिकोण पाहून ‘सौम्य औषध’ समजणाऱ्याला ते माशीसाठी किती घातक आहे, याचा त्या रंगावरून काहीच बोध होत नाही.

रोग आणि हवामान यांचाही यात वाटा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ आणि कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने संपवल्या, आणि त्यात शेतीचा थेट हात नव्हता. पण उपाशी आणि विषाने थकलेली वसाहत रोगाला लवकर बळी पडते, त्यामुळे ही कारणे एकमेकांपासून सुटी करून मोजणे अवघड होते.

पेटी आणून काय होते?

डाळिंबाच्या बागायतदारांनी आणि बीजोत्पादकांनी पेट्या भाड्याने आणायला सुरुवात केली, ती योग्यच आहे. पेटी केव्हा ठेवायची याला महत्त्व आहे: साधारण पाच-दहा टक्के फुले उमलल्यावर. त्याआधी ठेवली, तर माश्या आजूबाजूचे दुसरे फूल पाहून ठेवतात आणि मग तिकडेच जात राहतात. पेटीशेजारी स्वच्छ पाणी आणि दुपारची सावली लागते.

तरी पेटी हा तात्पुरता आधार आहे. कॅलिफोर्नियात दर फेब्रुवारीत बदामाच्या बागांसाठी अमेरिकेतल्या बहुसंख्य पाळीव वसाहती ट्रकांवर लादून आणल्या जातात, कारण एकाच झाडाच्या त्या विस्तीर्ण पट्ट्यात उरलेले वर्षभर माशीने खावे असे फारसे काही नसते. देशभरचे रोग आणि परोपजीवी माइट तिथे एकत्र भेटतात आणि परतीच्या ट्रकांतून सगळीकडे जातात. आपण त्याच वाटेने जाणार असू, तर भाड्याचा दर दरवर्षी चढत जाईल. केंद्र सरकारने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांचे मध अभियान जाहीर केले; महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले; पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था काम करते आहे. हे सारे मोलाचे आहे. पण यश मोजण्याचे माप मधाचे किलो आणि पेट्यांची संख्या हे असेल, तर निळ्या पट्ट्यांची माशी, भुंगा आणि मोहोरावरची साधी माशी कोणाच्याच खात्यात येत नाहीत. दाट फुले नसलेल्या शिवारात मेलिफेराच्या फार पेट्या ओतल्या, तर असलेल्या थोड्या मकरंदासाठी देशी माश्यांना एक प्रतिस्पर्धीच मिळतो.

शिवाराच्या मापाचे उपाय

कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र २०१५-१६ साली १.३४ हेक्टर होते. सातेरीची धाव एक किलोमीटर धरली, तरी तिच्या पोळ्याभोवतीचे वर्तुळ सुमारे ३१४ हेक्टरांचे होते, म्हणजे सरासरीने सव्वादोनशेहून अधिक खातेदारांची जमीन. एकाने आपल्या दोन एकरांत काटेकोर पथ्य पाळले आणि शेजारच्याने भर दुपारी मोहरीवर फवारा मारला, तर पथ्याचा उपयोग मर्यादितच. याउलट जमिनीत घरटे करणाऱ्या लहान माश्यांसाठी एकट्याचा बांधही पुरेसा असतो, आणि तिथे कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. तणनाशक बांधावर न मारणे, एका कडेला फूट-दोन फूट जमीन कायमची न नांगरलेली ठेवणे, पोकळ काड्या सगळ्या न जाळता काही पेंढ्या सावलीत उभ्या ठेवणे, ज्वारीभोवती करडईचे चार तास परत आणणे यांतले काहीच खर्चिक नाही.

फवारणीबाबत मात्र गाव एकत्र यावे लागेल, आणि शासनाने नियम करावा लागेल. फ्रान्सने २०२२ पासून माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांच्या फुलोऱ्यात फवारणीला सूर्यास्तापूर्वीचे दोन आणि नंतरचे तीन तास एवढीच मुभा सर्वसाधारणपणे ठेवली आणि त्यात बुरशीनाशके व तणनाशकेही घेतली. आपल्याकडे एवढा नियम होईपर्यंत थांबायची गरज नाही. फुलोऱ्याआधीच कीड आटोक्यात आणण्याचे नियोजन, किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचल्याशिवाय पंप न उचलणे, आणि फुलोऱ्यात उचलावाच लागला तर आंतरप्रवाही औषध टाळून दिवस मावळल्यावर मारणे, एवढे कृषी सहायकाच्या सल्ल्याने जमण्यासारखे आहे. शिवारात पेट्या ठेवलेल्या असतील, तर फवारणीच्या आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप गटावर गट क्रमांक आणि औषधाचे नाव टाकावे. मधपाळाला रात्री माश्या परतल्यावर पेट्यांची दारे बंद करून त्या तीन-चार किलोमीटरपलीकडे हलवायला तेवढा अवधी पुरतो.